वेताळाचं लग्न

आमच्या आणि नानांच्या घरांमध्ये छातीइतकी भिंत आहे. तिकडून तिच्यावर वहिनींच्या गोधड्या वाळतात, इकडून माझी कोपरं टेकलेली असतात. चांदवडातल्या निम्म्या बातम्या या भिंतीवरून जातात, उरलेल्या बाजार समितीत कांद्याबरोबर लिलावाला निघतात, असं नाना म्हणतात. नाना एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे बातमीला कुठं चढवायचं आणि कुठं उतरवायचं, हे त्यांना बरोबर कळतं.

परवा दुपारी चारच्या सुमाराला गल्लीत रद्दीवाला ओरडला. वहिनींनी गठ्ठा बाहेर आणला. मी इकडून विचारलं, "काय भाव देतोय?"

"रद्दीचा अन् कांद्याचा भाव विचारू नाही ताई. आपण विकायला काढला की पडतो."

तेवढ्यात नाना आतून जवळजवळ पळतच आले. गठ्ठ्यातून एक जुनं पंचांग ओढलं, त्यातून घडी घातलेला कागद काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. नवऱ्यानं रद्दीतून कागद काढून खिशात घालावा आणि बायकोनं ते पाहून गप्प बसावं, असं आमच्या गल्लीत होत नाही.

"काय हाय ते?"

"काही नाही."

"काही नाही, तर दाखवा ना मग."

कागद भिंतीवर आला. वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा, कडा तपकिरी, घडीवर विरलेला आणि मधोमध तुपकट गोल डाग. रंग विटले होते, पण पांढऱ्या घोड्यावरचा तो जांभळ्या वेषातला, डोळ्यांवर मुखवटा असलेला माणूस मी लगेच ओळखला.

"अगंबाई, इंद्रजाल! वेताळ!"

"बघा," नाना वहिनींना म्हणाले, "ताईंना कळलं. तुम्ही किलोवर घालत होत्या."

मग ती गोष्ट निघाली. वर्ष १९६६, नाना आठ वर्षांचे. रेणुकामातेची नवरात्रातली यात्रा. वडिलांनी चार आण्यांची गोडीशेव घेऊन दिली. घाट उतरेपर्यंत शेव संपली, आणि पुडीला लागलेली साखर चाटायला कागद उलगडला, तर आत हा घोडेस्वार. मागच्या बाजूला झाडाआड एकानं त्याच्यावर बंदूक रोखलेली. पुढं काय झालं ते पुढच्या पानावर, आणि पुढचं पान दुसऱ्या कुणाच्या तरी शेवेला गुंडाळलेलं.

"मी परत पळत दुकानदाराकडं गेलो. म्हटलं, याच्या पुढच्या पानात बांधून द्या."

"मग?"

"तो म्हणे, आधी चार आणे आण."

नानांची वेताळाशी ओळख झाली ती अशी, शेवेच्या तुपातून. तेव्हा इंद्रजाल कॉमिक्स निघून दोनच वर्षं झाली होती. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये ते सुरू केलं, आणि पहिले ३२ अंक नुसते वेताळाचेच काढले. त्या उभारणीत जे अनंत पै होते, त्यांनीच पुढं १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली. अंकाची किंमत सुरुवातीला ६० पैसे. ज्या पोराला यात्रेत चार आणे मिळतात, त्यानं ६० पैशांचा अंक कुठून घ्यायचा? म्हणून आमच्या भागातल्या पुष्कळ पोरांनी वेताळ वाचला तो सुटा, फाटका आणि उधार.

माझंही तेच. माझं माहेर मनमाड, वडील रेल्वेत. मोठ्या स्टेशनाच्या गावाला एक फायदा असतो, जग तिथं थांबून चहा पितं आणि काहीतरी विसरून जातं. कुणी छत्री विसरतं, कुणी डबा. एकदा वडिलांनी गाडीत सापडलेलं एक इंद्रजाल घरी आणलं. त्याला पुढचं मुखपृष्ठ नव्हतं आणि शेवटची दोन पानंही नव्हती. भाऊ आणि मी ते इतक्यांदा वाचलं, की शेवटावरून आमचं भांडण व्हायचं. भावाचा वेताळ सगळ्यांना ठोसे मारून, त्यांच्या जबड्यावर अंगठीतली कवटी उमटवून निघून जायचा. माझा वेताळ आधी त्याच्या प्रेयसीला, डायनाला सोडवायचा आणि मग ठोसे मारायचा. खरा शेवट काय होता, ते आजपर्यंत आम्हाला कळलेलं नाही.

पुढं १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये बहादूर आला. तो आपल्या मातीतला, आबिद सुरतींनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला. अंगात कुडता, खाली जीन्स, आणि काम डाकूंशी लढायचं. पण मला आवडायची त्याची बेला. तिला कराटे येत होतं. त्या वयात आम्हाला भरतकाम येत होतं.

"तुमचा हा घोड्यावरचा मला ठाऊकच नव्हता," वहिनी म्हणाल्या. रद्दीवाला तराजू हातात धरून उभा होता, पण आता त्यालाही घाई नव्हती. "माझा वेताळ चांदोबातला. राजाच्या पाठीवर लटकलेला. राजा बोलला, की फुर्रकन् झाडावर परत."

चांदोबा मराठीत १९५२ पासून येत होता. विक्रम राजाच्या हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागं स्मशान आणि घुबडं, असं ते शंकर यांचं चित्र. वहिनींच्या वर्गात मासिक एकच यायचं आणि ते बाईंच्या कपाटात कुलपात असायचं. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला बाई ते काढून वाचायच्या. वेताळानं प्रश्न टाकला, की बाई मुद्दाम थांबायच्या आणि वर्गाला उत्तर विचारायच्या. बरोबर सांगितलं तर राजाचं मौन सुटायचं, म्हणजे वेताळ निसटायचा, म्हणजे पुढच्या महिन्याची गोष्ट पक्की. "तेव्हा आम्ही सगळ्या जणी बरोबरच उत्तर द्यायचो," वहिनी म्हणाल्या. लग्नानंतर १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' लागायचं, तेव्हा शेजारच्या टीव्हीसमोर बसून त्यांनी तोच वेताळ पुन्हा पाहिला. "टीव्हीवाल्यांचा पांढऱ्या केसांचा होता. आमच्या बाईंचा जास्त भारी होता."

"पण मग हा कोण?" त्यांनी कागदाकडं बोट केलं. "झाडावरून उतरला अन् घोडा घेतला का यानं?"

इतका वेळ ओट्यावर बसलेल्या आजी आता बोलल्या. नानांच्या आई, वय ८९. कान कमी झालेत, पण नेमकं ऐकू यायला नको तेच ऐकू येतं.

"वेताळाचं नाव किती वेळा घ्याल रे? आमावस्या परवाच होऊन गेली."

आजींचा वेताळ तिसराच. त्यांच्या माहेरी वेशीबाहेर शेंदूर फासलेला धोंडा होता. त्याच्यापुढं नारळ फुटायचा. आमावस्येच्या रात्री वेताळाची स्वारी निघते, मशाली दिसतात, माणसानं दार लावून घरात बसावं, बघायला जाऊ नये. भुतांचा राजा खरा, पण गावाचा राखणदारही तोच. महाराष्ट्रात, कोकणात, गोव्यात वेताळाची ठाणी जागोजागी आहेत. पुण्यात तर त्याच्या नावाची टेकडीच आहे.

आता सांगा, अमेरिकेतल्या ली फॉकनं १९३६ मध्ये 'फॅन्टम' नावाचा माणूस निर्माण केला. तो जंगलात राहतो, लोक त्याला अमर समजतात, तो रानातल्या माणसांची राखण करतो, वाईट माणसाच्या तोंडावर खूण उठवतो. इंद्रजालच्या मराठीकरणात कुणीतरी त्याला 'वेताळ' म्हटलं, आणि काम झालं. सुपरहिरो कोण, हे आम्हाला समजावून सांगायची वेळच आली नाही. राखणदार आम्हाला माहीत होता, फक्त त्याचे कपडे नवीन होते. मूळ गोष्टीतल्या त्याच्या मुलखाचं नाव बंगालसारखं वाटायचं, म्हणून इंद्रजालवाल्यांनी तेही बदलून देंकाली केलं. नावाचं महत्त्व त्यांना कळत होतं.

एवढ्यात नानांचा नातू क्लासवरून आला. त्यानं कागद पाहिला. "आजोबा, हा तर फॅन्टम. हा एकविसावा आहे, माहितीये का? बाप मेला की मुलगा मुखवटा घालतो. १५३६ पासून चालू आहे."

"म्हणजे वतनदारच की," आजी म्हणाल्या. "आमच्याकडं पाटीलकी अशीच चालायची. बायकापोरं असतील ना मग?"

"लग्न झालं ना पणजी. डायनाशी. १९७७ ला." नातवानं मोबाइलमध्ये पाहून सांगितलं. "जुळी झाली, १९७९ ला."

वहिनींनी बोटं मोजायला सुरुवात केली. "अन् ही डायना त्याला भेटली कधी?"

"पहिल्याच गोष्टीत. १९३६."

"एक्केचाळीस वर्षं! एक्केचाळीस वर्षं ती पोरगी खोळंबून राहिली?" आता वहिनींचं रद्दीतलं लक्ष पूर्ण उडालं. "तिच्या आईबापांनी विचारलं नाही का, की बाबा रे, कामधंदा काय, राहतो कुठं?"

"गुहेत राहतो," नाना म्हणाले. "कवटीच्या."

"घ्या! स्थळ कोणी आणलं होतं?"

मीही तेल ओतलं. "वहिनी, मांड्रेक जादूगाराचं ऐका. तो १९३४ चा. त्याची नार्डा १९९७ पर्यंत थांबली."

वहिनींनी हिशेब केला, त्रेसष्ट, आणि कपाळावर हात मारला. आमच्या गल्लीत एका घरी मुलगी पाहून गेलेल्यांचा तीन आठवडे निरोप नव्हता, त्या घराबद्दल आम्ही काय काय बोललो होतो, ते आठवून मला जरा लाज वाटली.

त्या कवटीच्या गुहेची नानांची गोष्ट वेगळीच आहे. पुडीतल्या वेताळानं डोकं फिरलं आणि चार पोरं ती गुहा शोधायला डोंगरावर गेली. चांदवडला डोंगराची कमतरता नाही, चंद्रेश्वराचा आहे, किल्ल्याचा आहे. कातळात खरंच गुहा सापडली. आत अंधार होता, गार वाटत होतं. डोळे सरावल्यावर दिसलं, की भिंतीत कोरलेल्या मूर्ती शांत बसलेल्या आहेत. ती जैन तीर्थंकरांची लेणी होती. पोरं ठोसे मारायच्या तयारीनं गेली होती, ती हात जोडून परत आली.

"आमच्या पोराला विचारा," नाना पुढं म्हणाले, "त्याचा हिरो नागराज. हिंदीत यायचं ते." नागराज १९८६ मधला, राज कॉमिक्सचा. त्याचे सुरुवातीचे पुष्कळ अंक पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढले, ज्यांनी अमर चित्र कथेसाठीही चित्रं काढली होती. त्या विषारी हिरोचा हात पुण्याचा होता, हे नानांना माझ्याकडून कळलं आणि ते खूश झाले.

"१९८६ म्हटलं की मला नागराज-बिगराज नाही आठवत," वहिनी म्हणाल्या. "मला अधिवेशन आठवतं." त्या वर्षी नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडात भरलं. लाखांनी बायका आल्या, ट्रॅक्टरमधून, ट्रकमधून, फडक्यात भाकरी बांधून. "घरोघरच्या चुली थंड पडल्या होत्या अन् नवरे स्टँडवर भजी खाऊन राहिले होते. त्याचं कॉमिक काढलं का कोणी? तिथं एकीलाही मुखवटा नव्हता."

यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंना थोडा वेळ शांतता झाली. रद्दीवाल्यानंही मान हलवली.

मग शक्तिमान निघाला, १९९७ चा. या गल्लीतली सगळी पोरं हात वर करून भिंगरीसारखी फिरायची, आणि नानांचा धाकटा तुळशीवृंदावनावर आपटून चार टाके घेऊन आला होता. फुरसुंगीचा फास्टर फेणे निघाला, ज्याला भा. रा. भागवतांनी उडायला लावलं नाही, फक्त सायकल दिली. नातू म्हणाला, त्याला स्पायडरमॅन आवडतो. कधी पाहिला पहिल्यांदा, असं विचारलं तर म्हणाला, "आठवत नाही, तो होताच." त्याचं पहिलं पान कुठल्याच पुडीत नव्हतं. मोबाइल हातात आला तेव्हा तो आधीच आत होता. नानांना याचं वाईट वाटलं, मला तितकं नाही. आजींचा धोंडाही त्यांच्या जन्माआधीपासून होताच की.

"इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं," मी म्हटलं. "सगळे मिळून ८०३ अंक निघाले. जुने अंक आता लोक शोधून शोधून विकत घेतात."

"म्हणून तर जपला," नाना कागदाची घडी घालत म्हणाले. "एकोणसाठ वर्षं जपलाय मी."

"तू?" ओट्यावरून आवाज आला. "तू चार दिवसांत चुलीपुढं टाकला होतास. तुझ्या आजोबांनी वाचून सांगितलं, यावर वेताळाचं नाव आहे. देवाच्या नावाचा कागद जाळायचा कसा, म्हणून मी उचलला अन् पंचांगात ठेवला. दर पाडव्याला नवीन पंचांग आलं, की जुन्यातला काढून नव्यात घालत आले. यंदा डोळ्यानं दिसलं नाही, राहून गेला."

नाना काही बोलले नाहीत. वहिनी बोलणार होत्या, पण त्यांनी मला डोळ्यानं खुणावलं, म्हणजे उद्या.

रद्दी साडेचार किलो भरली. कागद आता या वर्षीच्या पंचांगात आहे.