रिस्पेक्टेड सर, जेंटल रिमाइंडर

पुण्याजवळच्या कासारवाडीतल्या छोट्या कारखानदाराला ईमेल लिहिता येत नाही, असा शोध हल्ली लागला आहे. शोध लावणारे मार्केटिंग गुरू एसी हॉलमध्ये दिवसभराचं शिबिर घेतात, जेवणासह. ग्राहक एका मेलने येत नसतो म्हणे, मेलांची माळच लावावी लागते. पहिल्या मेलमध्ये स्वागत, दुसऱ्यात तुमची संघर्षकथा, तिसऱ्यात ग्राहकाच्या दुखण्यावर बोट, चौथ्यात त्यावर औषध आणि पाचव्यात ‘फक्त आजच!’

आमचे एक गाळेवाले मित्र हे सगळं वहीत उतरवून आले. दोन लेथ, एक व्हीएमसी आणि कूलंटच्या बोटांनी काळा पडलेला कीबोर्ड, एवढा त्यांचा संसार. पत्त्यांची यादी काढली तर ती डझनभरही भरेना. (दिवसाला 5000 च्या वर मेल धाडणाऱ्यांनी एका क्लिकमध्ये यादीतून सुटायची सोय द्यावी, असा नियम गूगलने 2024 मध्ये आणला. आमचे मित्र त्या कचाट्यातून सुटले.)

संघर्षकथा परचेस मॅनेजरकडे गेली. त्या बिचाऱ्याला हवं होतं एवढंच : बोअर किती मायक्रॉनमध्ये धराल, महिन्याला किती नग द्याल आणि रिजेक्शन झालं तर भुर्दंड कुणाचा. त्याला मिळालं ते वडिलांनी आईचे दागिने मोडून पहिला लेथ कसा आणला, ते. ‘फक्त आजच!’ हा मेल सॉफ्टवेअरने गुरुवारी सकाळी सोडला. गुरुवारी इथल्या एमआयडीसीला सुट्टी असते, हे गुरूंना कोण सांगणार?

खरं तर मेलांची माळ लावण्यात आमच्या कारखानदाराचा हात धरणारा कुणी नाही. फक्त ती माळ परचेसला नव्हे, अकाउंट्सला जाते. बिल थकलं की पहिला मेल : ‘जेंटल रिमाइंडर’. दुसरा : ‘रिस्पेक्टेड सर, काइंड अटेन्शन प्लीज’. तिसरा : ‘सर, युअर सपोर्ट नीडेड’. चौथा दिवाळीच्या शुभेच्छांचा. पणतीच्या चित्राखाली थकलेलं बिल पुन्हा जोडलेलं. गुरूंच्या माळेत दर मेलगणिक जोर चढतो, आमच्याकडे दर मेलगणिक कमरेत वाक वाढतो.

कायदा मात्र ताठ आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी लहान पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायचे, करार नसेल तर 15. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. 2024 पासून आयकरानेही दम भरला : मुदत उलटली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चाची वजावट नाही. तक्रारीसाठी ‘समाधान’ पोर्टल तर 2017 मध्येच आलं. मित्रांना कलमंसुद्धा पाठ आहेत. मग व्याज मागत का नाही? ‘आणि पुढची ऑर्डर काय तुम्ही देणार?’ असं ते आम्हालाच विचारतात.

कासारवाडीच्या डोक्यावरून 2022 पासून मेट्रो धावते. पेमेंट मात्र अजून नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं. साहेब ऑडिटमध्ये आहेत, साहेब रजेवर आहेत, जीआरएन (माल पोचल्याची नोंद) सापडत नाही, नवं सॉफ्टवेअर बसवतोय. यादीतून बाहेर पडायला अकाउंट्सवाल्यांना गूगलचं बटण लागत नाही.

शेवटी मित्रांनी गुरूंची वही बाजूला ठेवली आणि परचेसला एक मेल स्वतःच्या अकलेने लिहिला. विषयात ड्रॉइंग नंबर, सोबत मोजमापाचा रिपोर्ट, बोअरमध्ये बसलेल्या गेजचा फोटो आणि खाली एकच ओळ : ‘सॅम्पल तयार आहे, गेटवर कुणाच्या नावाने पाठवू?’

टपरीवरून चहा यायच्या आत उत्तर आलं. चार दिवसांनी परचेस ऑर्डरही आली. मित्रांनी ती हरखून उघडली. पेमेंट टर्म : 90 दिवस.

त्यांनी एका बोटाने टाइप केलं, ‘थँक्यू सर’.