नेमका केव्हा गेला?

आमच्या सोसायटीत कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला की बापूकाका पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतात, आणि अशा सुरात विचारतात की सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. पुढचे प्रश्नही त्याच वळणाचे. जाण्यापूर्वी काही आवाज केला? पंखा जोरात फिरत होता? पडदा निळा झाला की एकदम अंधार? तेव्हा समोर काय उघडलं होतं? या शेवटच्या प्रश्नाशी काही पुरुष मंडळी चाचरतात. मग काका खिडकीबाहेर बघत म्हणतात, "साइटचं नाव नकोय मला. व्हिडिओ होता की नुसता मजकूर, एवढंच सांगा."

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. जमिनीखालच्या केबलीतले दोष हुडकण्यात त्यांची हयात गेली. पहिल्या पावसात खरखरणारा आणि साहेब तपासायला आले की खणखणीत वाजणारा फोन, हे त्यांचं आयुष्यभराचं प्रेम. कायमची बिघडलेली वस्तू त्यांना आवडत नाही. मिक्सर जळला, इस्त्री गेली, असं कुणी सांगत आलं तर ते "मग नवी आणा" म्हणून पेपरात डोकं घालतात. मधूनच मरणारं आणि पुन्हा उठून बसणारं काही असेल तर मात्र चप्पल न घालता निघतात.

माझा कॉम्प्युटर त्यांच्या पसंतीला उतरला. दिवसभर टायपिंग करा, हूं की चूं नाही. इंटरनेटवर दहा-बारा पानं उघडून निवांत वाचत बसलं, की कधी वीस मिनिटांत, कधी दोन तासांनी, निळा पडदा आणि त्यावर तो दुर्मुखलेला चेहरा. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं डबा उघडलाही नाही. "फॉरमॅट मारू," म्हणाला. हे ऐकून काकांचे कान लाल झाले. "ढेकूण झाले म्हणून घराला काडी लावतो का रे आपण?"

रविवारी सकाळी ते अवजारं घेऊन आले. एक स्क्रूड्रायव्हर, रंगकामाचा एक ब्रश, शाळकरी पोराचं एक खोडरबर आणि दोनशेपानी वही. बायको म्हणाली, "काका, सीपीयू जरा पुसून देते हं, धूळ बसलीय." काका दुखावले. "सूनबाई, सीपीयू आत असतो, बिस्किटाएवढा. हा नुसता डबा." पुसणं मात्र त्यांनी हाणून पाडलं. पुरावा जागच्या जागी राहिला पाहिजे.

आधी त्यांनी कॉम्प्युटरनं स्वतः ठेवलेल्या नोंदी उघडल्या. दर मरणाच्या वेळेला तिथे एकच ओळ होती, कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. मला वाटलं, सापडलं! काका हसले. "ह्याचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं. हवालदारानं पंचनाम्यात लिहावं ना, 'सदर इसम मयत आढळला', तसं." निळ्या पडद्यावरचे इशारे मात्र त्यांनी वहीत उतरवून घेतले. एकदा मेमरीची तक्रार, एकदा ड्रायव्हरची, एकदा आणखी तिसरीच कसली. दर वेळी वेगळा इशारा म्हटल्यावर काकांनी भुवई वर केली आणि मिशीतल्या मिशीत काही पुटपुटले. संशयित कोण ते सांगितलं नाही. आधी सांगितलं तर घरचे लोक संशयिताशी वाईट वागतात, असा त्यांचा अनुभव.

त्यांचा कायदा एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मग वाट बघायची. पहिल्या आठवड्यात ब्राउझरचं काम ग्राफिक्सवर टाकणारं सेटिंग बंद केलं. बुधवारी कॉम्प्युटर गेला. काका समाधानानं "छान" म्हणाले आणि वहीत फुली मारली. दुसऱ्या आठवड्यात प्रोसेसरवरच्या पंख्यातून इतकी धूळ निघाली की उशीचा अभ्रा भरला असता. जुनी, वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडून नवी लावली, तीही वाटाण्याएवढीच, "श्रीखंड नाही फासायचं." तापमान उतरलं. शुक्रवारी कॉम्प्युटर गेला. काका आणखी खूश.

तिसऱ्या आठवड्यात मात्र घरात फितुरी झाली. सलग पाच दिवस कॉम्प्युटर एकदाही पडला नाही, म्हणून काका हवालदिल होऊन चौकशीला आले, तेव्हा एकेक कबुलीजबाब बाहेर पडला. बायकोनं झाडताना प्लग दुसऱ्या सॉकेटात लावला होता. चिरंजीवांनी ब्राउझरची नवी आवृत्ती टाकली होती. मी स्वतः, एका दुबळ्या क्षणी, डब्यावर चापट मारली होती. काका मटकन खुर्चीत बसले. "आता हा बरा झाला तर कशानं झाला हे कळायचं कसं?" बरा झाल्याशी मतलब, असं बायको बोलून गेली. ती संबंध दुपार काका आमच्याशी औपचारिक वागले.

सुदैवानं सहाव्या दिवशी तो पुन्हा पडला. मीच धावत जाऊन बातमी दिली. काकांनी काकूंना लाडू आणायला सांगितले.

मग त्यांनी मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले आणि पुन्हा बसवल्या. निम्मे आजार एवढ्यावर जातात. माझा गेला नाही. तेव्हा एका पेनड्राइव्हवर मेमरी तपासणारा प्रोग्रॅम आला. तो विंडोजला उठूच देत नाही. एकटा बसून मेमरीच्या घराघरात काहीतरी लिहितो आणि पुन्हा वाचून बघतो. तसंच राहिलंय का बदललंय? रात्रभर तो हेच करत होता. पहाटे साडेपाचला बेल वाजली. दारात काका, डोक्याला मफलर. पडद्यावर लाल ओळी होत्या. त्या लालीत काकांचा चेहरा जो काही उजळला, तसा तो नातू झाला तेव्हाही उजळला नसावा. काकूंचं तरी तसं मत आहे.

एकेक पट्टी आळीपाळीनं लावून गुन्हेगार वेगळा काढला. पण टायपिंग करताना का नाही, ब्राउझरमध्येच का? या प्रश्नाची काका बहुतेक महिनाभर वाट बघत होते. "आमचं गावचं घर आठव. पडवीचा तो टोकाचा कोपरा गळायचा. एरवी आम्ही चौघं माजघरात झोपायचो, कुणाला पत्ता नाही. गणपतीत पंचवीस माणूस आलं की कुणीतरी पडवीत अंथरूण टाकायचं, आणि रात्री दोनला बोंब! तुझा ब्राउझर म्हणजे गणपती. एकेक पान उघडतोस, एकेक पाहुणा. घर भरत भरत पडवीपर्यंत येतं."

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले. मेमरीतला एकच ठिपका उलटला तर काय होतं, यावर त्यांच्याकडे बेल्जियमची गोष्ट आहे. २००३ साली तिथल्या एका निवडणुकीत एका उमेदवाराला जास्तीची ४०९६ मतं मिळाली. मिळू शकतील त्याहून जास्त झाली, म्हणून चूक लक्षात आली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. कुठेतरी एका शून्याचा एक झाला होता. अंतराळातून आलेल्या एखाद्या कणानं तो उलटवला असावा, असा तर्क निघाला. आमच्या सोसायटीचे सचिव गेल्या खेपेला चार मतांनी निवडून आले. मतदान कागदी चिठ्ठ्यांवर झालं होतं, तरी काका गंभीरपणे म्हणतात, "चार हा पण दोनाचाच घात आहे."

नवी पट्टी आणायला ते मला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. डोंबिवलीहून दादर, दादरचा पूल ओलांडून ग्रँट रोड. वाटभर त्या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे हे मला आणि समोरच्या दोन परक्या प्रवाशांना समजावलं. दुकानदारानं जुनी पट्टी कचऱ्यात टाकायला हात पुढे केला, तर काकांनी ती झटकन खिशात घातली. घरी त्यांचा सुपारीचा एक डबा आहे. त्यात असे बरेच गुन्हेगार आहेत.

त्यानंतर माझा कॉम्प्युटर पडला नाही. काका जिन्यात भेटले की आशेनं विचारतात, "एकदाही नाही?"

परवा त्यांचा ब्रश परत द्यायला गेलो. काका स्वतःच्या कॉम्प्युटरवर बातम्या वाचत होते. बोलता बोलता पडदा काळा झाला. मी खुर्चीतून उठलो. काका हलले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्यांनी वही ओढली, वेळ लिहिली आणि पुढे आकडा घातला: २१३.

"काका, तुमचापण? मग पट्टी बदला की!"

"पट्टी चांगली आहे. माझा वेगळा आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "हा घरात पाहुणे नसतानाच गळतो."

आतून काकूंचा आवाज आला, "गेला का हो?"

"गेला."

"मग चहा टाकते."