तिळगूळ तोंडात, आणि बोलणं?

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना अशा कुंपणाजवळ, मोठ्यानं बोलायला नको. परवा समोरच्यांकडे हळदीकुंकू होतं, तुम्ही नव्हता, केवढं चुकलं तुमचं! त्यांच्या धाकट्या सुनेनं नर्सिंगला नाव घातलंय, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. तर ती बिचारी वाण वाटत होती, आणि आपल्या त्या कोपऱ्यावरच्या काकू, नाव कशाला घेऊ, तिळगूळ तोंडात टाकत म्हणतात कशा, "आता या वयात? आणि बाळाला कोण बघणार?" सगळ्यांसमोर हं! पोरीचा चेहरा असा खर्रकन उतरला... सासूबाई आपल्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

तेवढ्यात मागच्या आळीतल्या आजी, त्या गुडघे धरून बसलेल्या असतात ना, त्या म्हणाल्या, "बाळ सकाळचं माझ्याकडे ठेव गं. बारापर्यंत मी आहे." बस्स, एवढंच! काकूंचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही.

मला तर तिथंच आपल्या आनंदीबाई आठवल्या. अहो, कल्याणच्या! डॉक्टर आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलंसुद्धा. गोपाळरावांना बायकोला शिकवायचा भारी सोस, पण तऱ्हा कशी? अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली की मारायचे! लोकांचे नवरे स्वयंपाक केला नाही म्हणून... जाऊ दे. त्यांनी मदतीसाठी अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिलं, तर तिकडून उत्तर काय, आधी ख्रिस्ती व्हा! झालं. वर ते सगळं त्यांच्या मासिकात छापून आलं.

तर काय सांगत होते... हां, कार्पेंटरबाई! न्यू जर्सीत रोझेल म्हणून गाव आहे, तिथल्या. १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसल्या होत्या, नेमकं तेच मासिक हाती आलं. आपण काय करतो वेटिंगमध्ये? चार पानं उलटतो नि ठेवून देतो. या बाईंनी चक्क आनंदीबाईंना पत्र लिहिलं. ना ओळख, ना नातं! मग पत्रांमागून पत्रं, तब्येत बरी नसते कळल्यावर औषधंसुद्धा पोस्टानं. आणि मुख्य म्हणजे, ये, माझ्या घरी राहा, असं सांगितलं हो!

इकडे जोशी नवरा-बायको तेव्हा कलकत्त्यात, तिथं लोकांची तोंडं सुरूच. समुद्र ओलांडणार, धर्म बुडवणार... पण आनंदीबाई कसली, सेरामपूरला भर सभेत उभी राहिली आणि बजावलं, हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. कितीजणांचे चेहरे पडले असतील, नाही? १८८३मध्ये बोटीत बसली. नवरा इकडेच, वय अवघं अठरा! रोझेलला पोचली आणि कार्पेंटरबाईंची भाचीच झाली, मावशी म्हणायची त्यांना. १८८६ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, समारंभाला पंडिता रमाबाई हजर. पुढच्याच वर्षी पुण्यात गेली बिचारी, बावीससुद्धा पुरी नव्हती. अस्थी मात्र मावशीकडेच पाठवल्या, त्यांच्याच कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत.

म्हणून म्हणते, 'शाब्बास' काय, कुणीही म्हणतं, त्याला पैसे पडत नाहीत. 'ये माझ्याकडे' म्हणायचं तर घरात जागा करावी लागते. आजींनी तेच केलं की नाही?

आणि खरी बातमी तर राहिलीच! त्याच काकूंनी सकाळी आपल्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलासकट 'गोड गोड बोला' टाकलंय. मी काही अंगठाबिंगठा दिला नाही. पण अहो, काल दुपारी त्याच काकू आजींच्या फाटकातून बाहेर पडताना दिसल्या, हातात रिकामा डबा. नाचणीचं सत्त्व असणार, दुसरं काय! विचारलं, तर म्हणतात, "सहज गेले होते."

सहज म्हणे!