ॲडमिन पानिपतावर

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन कोणाला करायचं, हा विषय पंच कमिटीपुढे आला तेव्हा माझं नाव निघालं, ते काही माझ्या भक्तिभावामुळे नव्हे. मंडळी नगर जिल्ह्यात आणि मी नोकरीला पानिपतच्या रिफायनरीत. मध्ये हजारावर किलोमीटर. इतक्या लांबचा माणूस कुठल्याच गटाचा नसणार, असा पंचांचा हिशेब. खजिनदार तेवढे कुरकुरले. म्हणे, पानिपतावरून मराठी माणसाला चांगली बातमी कधी आली आहे का?

परवानग्यांचं काम मला नवं नाही. रिफायनरीत वेल्डिंगची एक ठिणगी पाडायची तरी आधी हॉट वर्क परमिट लागतं. गॅस तपासा, आग विझवणारा माणूस उभा करा, सह्या घ्या. ठरलेली वेळ संपली की परमिटही संपलं. हीच पद्धत मंडळीत लावू, असा माझा बेत होता. फरक एवढाच की रिफायनरीत ठिणगी पाडायला कुणी टपून बसलेलं नसतं.

ग्रुपला कुलूप लावायची गरज पडली ती एका काकांमुळे. काका दवाखान्यात होते म्हणून ग्रुपवर प्रार्थनेची विनंती आली. पहिल्या दोघांनी 'आमेन' लिहिलं. तिसऱ्याने घाईत 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली, आणि पुढच्यांनी वर काय आहे ते न वाचता तीच री ओढली. कुणीतरी दफनविधीची वेळही विचारली. तेवढ्यात खुद्द काकांचा अंगठा आला. आयसीयूतून.

फक्त ॲडमिननेच मेसेज टाकायचे, ही सोय व्हॉट्सॲपने 2018 सालीच दिलेली आहे. बटण दाबायला क्षण लागतो. पण आमच्या लोकांना गप्प बसवणं इतकं सोपं नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली. ते मिशनरी काँग्रिगेशनल परंपरेतले, म्हणजे बिशप नकोच. मंडळीचा कारभार सभासदांनी मतं देऊन चालवायचा. 1842 साली तिथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं, म्हणजे मत छापायचीही सोय झाली. पुढे 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, डोक्यावर बिशप आले. मत द्यायची खोड मात्र राहिली ती राहिलीच.

पाळकसाहेबांनी शास्त्रातून तोडगा काढला. मोशे दिवसभर एकटाच लोकांचे तंटे ऐकत बसायचा. सासरा इथ्रो आला, बघून वैतागला आणि म्हणाला, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. (जावयाने सासऱ्याचं मुकाट ऐकल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.) त्याप्रमाणे महिला मंडळाचा एक ॲडमिन झाला, तरुण संघाचा एक, संडे स्कूलचा एक. मग भजनी मंडळात पेटीवाल्याला केलं म्हणून तबलजी रुसले.

रविवारी कधीमधी मी पानिपतच्या रणभूमीवर, काला आंबला चक्कर मारतो. 1761 साली इथे नावाचे सेनापती विश्वासराव आणि खरा कारभार भाऊसाहेबांचा. इब्राहिमखान गारद्याला हवी गोलाची लढाई, मल्हारराव होळकरांचा कल गनिमी काव्याकडे. तिथे उभं राहून ग्रुप उघडला की मला इतिहास फार चटकन समजतो.

कायद्याची मला भीती नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगून टाकलं आहे की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार धरला जात नाही. न्यायालयाच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या हातात तेव्हा माणूस घेणं आणि काढणं, एवढंच होतं. न्यायालयाचं बरोबर आहे, पण काढायचं कुणाला? आमच्यात एकाला काढलं की त्याची मावशी वर्गणी थांबवते.

शेवटी सगळ्यांचे अधिकार काढून मी एकटाच उरलो. तेव्हा एक अडचण पुढे आली. रिफायनरीत मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. त्यामुळे माझी शिफ्ट असेपर्यंत अख्खी मंडळी मुकी. संध्याकाळी फोन हातात आला की मावशींचे मेसेज ओळीने उभे: "बाळा, सलाम. हे ग्रुपवर टाक." "टाकलंस का?" "राहू दे आता, पेशंट घरी आला."

मी सुटायचं म्हटलं, तर पाळकसाहेबांनी अडवलं नाही. एकुलता ॲडमिन बाहेर पडला तर व्हॉट्सॲप उरलेल्यांतून कुणालाही नेमतं, हे ऐकून ते खूशच झाले. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली होती म्हणाले. रिकामी झालेली जागा कुणाची होती, हे आठवून मी ग्रुप सोडायचा विचार सोडला.

लोकांनी दरम्यान दुसरा ग्रुप काढला. तो सगळ्यांना खुला आहे. मलाही घेतलं आहे, साधा सभासद म्हणून. ॲडमिन ते दवाखान्यातले काका. त्यांनी पहिलीच सूचना टाकली: श्रद्धांजली वाहण्याआधी संबंधितांना एक फोन करावा.