‘ययाति’संबंधी एक फिर्याद

ज्या कादंबरीवर साहित्य अकादमीने १९६० साली आणि ज्ञानपीठाने १९७४ साली शिक्कामोर्तब केले, ती खांडेकरांची ‘ययाति’ वाचून ज्याचे समाधान झाले नाही, अशा करंट्या वाचकाने आपली फिर्याद कोणत्या कचेरीत गुदरावी, याची तजवीज आपल्या साहित्यव्यवहारात कोणी केलेली नाही; सबब ती येथेच नोंदवतो. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आपापली हकीगत स्वमुखे सांगण्याची मुभा देण्यात लेखकाची न्यायबुद्धी दिसते, हे निर्विवाद. परंतु विषयासक्त राजा, अहंकारी ऋषिकन्या आणि दासी झालेली राजकन्या अशी भिन्न प्रकृतीची माणसे साक्षीला उभी असता, तिघांच्याही जबान्या एकाच कारकुनाने एकाच उपमाकोशाच्या आधारे उतरवून घेतल्यासारख्या वाटाव्यात, याचे नवल वाटते. संतापाच्या भरातही येथे कोणी अलंकार उतरवून ठेवत नाही. महाभारतात भोगाच्या वैयर्थ्याचा बोध होण्यास ययातीला सहस्र वर्षे लागतात. येथे वाचकाला तो प्रारंभीच्या प्रकरणांत होतो, आणि पुढे त्याची फक्त उजळणी उरते. तिकडे संजीवनी विद्या घेऊन देवलोकी गेलेला कच या कथेत पुन्हा फिरकत नाही. खांडेकरांनी मात्र त्याला उपदेशाच्या कामी सन्मानपूर्वक परत पाचारण केले आहे. याच कचाला जाळून, त्याची राख मद्यात कालवून, ती खुद्द त्याच्या गुरूला पाजणाऱ्या असुरांविषयी माझे मत, पुस्तक संपेपर्यंत, बरेच सौम्य झाले होते.