विकणे आहे

दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींत एक तरी डॉजवाले काका सापडतातच. रिटायर झालेले, रविवारीही गुळगुळीत दाढी केलेले, हातात पिवळं फडकं. आमचे काका हिंदू कॉलनीतले. १९५१ची डॉज किंग्जवे त्यांना गेली कित्येक वर्षं विकायची आहे. "आता होत नाही हो माझ्याच्यानं," असं ते बॉनेटवरची न दिसणारी धूळ पुसत म्हणतात, आणि ऐकणारा फसतो.

गिऱ्हाईक दहाला येतं. साडेअकरापर्यंत त्याला गाडी दिसत नाही, कारण आधी तिचं घराणं ऐकावं लागतं. वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी कसं जुळवलं, १९४७पासून कुर्ल्याच्या प्रीमिअरमध्ये डॉज, डेसोटो, प्लायमथ कशा जोडल्या जाऊ लागल्या, किंग्जवे आतून प्लायमथच कशी, फक्त तोंडावळा नि नावपट्टी डॉजची. मग छप्पर. क्रायस्लरचे त्या काळचे अध्यक्ष केलर यांचा हट्ट, की गाडीत बसताना माणसाला डोक्यावरची हॅट काढावी लागू नये. म्हणून ते एवढं उंच. डेट्रॉइटच्या हॅटसाठी सोडलेली ही जागा काकांच्या वडिलांच्या काळ्या टोपीला बरोबर पुरली. काका हे अशा थाटात सांगतात, की केलर स्वतः माप घ्यायला हिंदू कॉलनीत येऊन गेले असावेत.

शेवटी कव्हर निघतं. गाडी देखणी आहे, हे कबूल केलंच पाहिजे. सहा सिलिंडरचं मूळ इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला तीन गिअर, पुढच्या सलग सीटवर तिघं ऐसपैस. सत्तरच्या दशकात पेट्रोल भडकलं तेव्हा भल्याभल्यांनी असल्या गाड्यांत डिझेल इंजिनं घातली. काकांनी नाही घातलं. त्यांनी घरातला फ्रिज पुढे ढकलला. ही माहिती मात्र काकू पुरवतात, चहाचा ट्रे ठेवता ठेवता.

मग परीक्षा. "ॲव्हरेज किती देते?" विचारणारा तिथेच नापास. सहा व्होल्टची बॅटरी बघून "बारा करून घेऊ" म्हणणाऱ्याला दुसरा चहा नाही. लग्नाच्या वरातींना भाड्यानं देण्याचा बेत एकानं बोलून दाखवला, तर काका त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. तो नक्की गेला ना, हे बघायला. यातूनही कुणी तरलाच, तर किंमत वाढते. तिचं गणित सोपं आहे: समोरचा जेवढं द्यायला कबूल होईल, त्याहून थोडी जास्त.

२०२१च्या नव्या नियमांनी तर काकांच्या अंगात वारंच भरलं. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०,००० रुपये भरून 'व्हीए'वाला खास नंबर मिळतो, पण ती रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. तेव्हापासून काकांची ठणठणीत गाडी संध्याकाळी दुरुस्तीला जाते. वरळी सी-फेसमार्गे.

मला विचाराल, तर काकांची ही जाहिरात खरं म्हणजे 'श्रोते पाहिजेत' अशी आहे. मुलगा परदेशी, गाडीचा विषय निघाला की त्याचं नेटवर्क जातं. शेजाऱ्यांना केलर तोंडपाठ. कोरा माणूस घरापर्यंत आणायचा, तर 'विकणे आहे' लिहिण्यावाचून इलाज काय?

परवा एक तरुण आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडून बघितलं, मिटलं, आणि सांगितलेली किंमत जशीच्या तशी द्यायला तयार झाला. काकांनी त्याला परत पाठवलं.

"काही विचारलंच नाही हो त्यानं!" दिवसभर त्यांचा जळफळाट चालू होता.

काकू मेथी निवडत होत्या. "बघायला आलात तेव्हा मीही काही विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा बरं चाललं!"