खरेदीचा भावे प्रयोग

मराठी व्याकरणात प्रयोग तीन मानले जातात. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या तालावर चालते, कर्मणी प्रयोगात ते कर्माच्या मागे जाते आणि भावे प्रयोगात ते कर्ता व कर्म या दोघांकडेही पाठ फिरवून नपुंसकलिंगी एकवचनात स्वतंत्र राहते. शासकीय खरेदीचे सारे वाङ्मय यांपैकी तिसऱ्या प्रयोगाच्या प्रेरणेने रचलेले आहे, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. शासन निर्णयात खुर्ची कोणीही घेत नाही. ती ‘खरेदी करण्यात येते’, पुढे ती ‘निकृष्ट असल्याचे निदर्शनास येते’ आणि यथावकाश तिच्याबाबत ‘उचित कार्यवाही करण्यात येते’. या प्रयोगाच्या नावातच ‘भाव’ असावा हा योगायोग वैयाकरणांच्या ध्यानी आला नसला, तरी खरेदी शाखेला तो मानवणारा आहे.

या शैलीचे खापर कारकुनांवर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण तिचे मूळ थेट राज्यघटनेत सापडते. अनुच्छेद 299 नुसार केंद्राचा प्रत्येक करार राष्ट्रपतींच्या आणि राज्याचा प्रत्येक करार राज्यपालांच्या नावाने करावा लागतो, त्यामुळे तालुक्याच्या एखाद्या कार्यालयासाठी पंख्यांचा करार होतो तेव्हा त्यातील खरेदीदार तत्त्वतः महामहीम असतात. त्याच अनुच्छेदाचा दुसरा खंड मात्र असे सांगतो की अशा करारासाठी राष्ट्रपती किंवा राज्यपाल व्यक्तिशः जबाबदार नाहीत आणि त्यांच्या वतीने सही करणारा अधिकारीही नाही. ही तरतूद आवश्यकच होती, नाहीतर थकलेल्या देयकापोटी राज्यपालांच्या दिवाणखान्यातील फर्निचरावर जप्ती येण्याचा प्रसंग ओढवला असता. परंतु पहिल्या खंडात कर्ता नेमून दुसऱ्या खंडात त्याला मोकळे सोडण्याची ही हातोटी प्रशासनाने जितक्या निष्ठेने आत्मसात केली, तितक्या निष्ठेने घटनेतील दुसरी कोणती तरतूद केली असेल, असे वाटत नाही.

सगळ्या सरकारसाठी एकच करार करावा, ही कल्पना जुनी आहे. 1922 मध्ये ब्रिटिश अमदानीत इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाले आणि स्वातंत्र्यानंतर त्याच परंपरेतून पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय, म्हणजे सरकारी बोलीतील ‘डीजीएस अँड डी’, उभे राहिले. नावातील विल्हेवाट ही दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या लष्करी मालाची होती. माल संपला तरी शब्द उरला, ही गोष्ट सरकारी पाट्यांच्या अभ्यासकांना नवी नाही. या महासंचालनालयाचे मुख्य हत्यार होते ‘दर करार’. एखाद्या वस्तूचा दर ठरावीक मुदतीसाठी एकदाच निश्चित करायचा आणि मग देशभरातील कार्यालयांनी त्या दराने आपापल्या गरजेपुरत्या ऑर्डरी द्यायच्या, असे त्याचे स्वरूप होते. कायद्याच्या दृष्टीने दर करार हा पूर्ण अर्थाने करार नव्हे, तो केवळ पुरवठादाराचा खुला प्रस्ताव असतो आणि खरा करार प्रत्येक पुरवठा आदेशानिशी जन्माला येतो. करार करणाऱ्याने काही विकत घ्यायचे नाही आणि विकत घेणाऱ्याने काही ठरवायचे नाही, अशी ही विभागणी असल्यामुळे दर जास्त पडल्यास खालचा अधिकारी दिल्लीकडे बोट दाखवी आणि नको तितका माल आल्यास दिल्ली खाली बोट दाखवी. दोन्ही बोटे नियमाला धरून असत.

याच दर करारात ‘पडत्या दराचे कलम’ असे. मुदतीत पुरवठादाराने तीच वस्तू इतर कोणाला कमी दराने विकली, तर सरकारचा दरही आपोआप तेवढा खाली यावा, असा त्याचा आशय होता. कलम बिनतोड होते. फक्त ‘तीच वस्तू’ या दोन शब्दांवर ते उभे होते. सरकारला द्यायच्या यंत्राच्या मॉडेल क्रमांकात एखादे अक्षर वाढवले की ते यंत्र जगात एकमेवाद्वितीय होते, आणि जी वस्तू सरकारशिवाय कोणालाच विकली जात नाही तिचा बाजारभाव पडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

9 ऑगस्ट 2016 रोजी, म्हणजे क्रांतिदिनीच, केंद्र सरकारने ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’ ऊर्फ ‘जेम’ ही ऑनलाइन बाजारपेठ सुरू केली. 31 ऑक्टोबर 2017 रोजी जुने महासंचालनालय बंद झाले, आणि विल्हेवाटीचे काम त्याने शेवटपर्यंत नेटाने पार पाडले असे म्हणता येते. महाराष्ट्रानेही 2017 मध्ये जेमचा स्वीकार केला. विक्रेते आणि दर सर्वांना दिसावेत, बंद लिफाफ्यांचे युग संपावे, हा जेमचा हेतू निःसंशय चांगला होता आणि तो बऱ्याच अंशी साधलाही आहे. लिफाफे खरोखरच गेले. व्याकरण मात्र राहिले, किंबहुना संगणकाने त्याला शिस्त लावली, कारण पूर्वी जी जबाबदारी नुसती झटकावी लागे तिच्यासाठी आता स्वतंत्र लॉगिन मिळते.

या रचनेत सर्वांत वर ‘प्रायमरी युजर’ असतो. केंद्रात हा साधारण उपसचिव दर्जाचा अधिकारी असून तो कार्यालयाची नोंदणी करतो आणि इतरांना भूमिका वाटून देतो, परंतु स्वतः काहीही खरेदी करत नाही. त्याच्याखाली ‘बायर’ येतो; तो बीड काढतो, तांत्रिक मूल्यमापन समितीच्या सह्या जमवतो आणि ‘एल-वन’ला, म्हणजे सर्वांत कमी दर देणाऱ्या विक्रेत्याला, ऑर्डर देतो. पैसे देणारा आहरण व संवितरण अधिकारी निराळा, कारण ज्याने घेतले त्यानेच पैसे चुकते करू नयेत हे लेखाशास्त्राचे जुने तत्त्व आहे. तो माल पाहत नाही, केवळ प्रमाणपत्र पाहतो. बायरही माल पाहत नाही, तो दर पाहतो. वस्तू प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याचे काम उतरंडीच्या तळाशी असलेल्या ‘कन्साइनी’कडे, म्हणजे बहुधा भांडारपालाकडे, येते.

भांडारपालाच्या स्थानाचा विचार अधिक सावकाश करायला हवा. तपशील कोणी ठरवला, खुर्चीला हात असावेत की नसावेत, याविषयी त्याचे मत कोणी विचारलेले नसते. टेम्पो दारात थांबतो तेव्हा तो तात्पुरती पावती देतो आणि दहा दिवसांच्या आत त्याने प्राप्ती व स्वीकृतीचे प्रमाणपत्र द्यावे अशी अपेक्षा असते. सारे देयक या एका कागदावर तोललेले असते. माल नाकारला, तर ज्या साहेबांनी तो पसंत केला त्यांच्या निवडीवर त्याने शेरा मारल्यासारखे होते, शिवाय मार्चअखेर असेल तर निधी परत जाण्याचे पातक त्याच्या माथी येते. स्वीकारला, तर चार वर्षांनी लेखापरीक्षण पथक येऊन मोडक्या खुर्चीखाली त्याचीच सही शोधते. त्यामुळे तो खुर्चीवर बसून पाहत नाही. ती मोजतो, जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे न संपणाऱ्या वस्तूंच्या रजिस्टरात, तिची नोंद घेतो आणि ‘संख्येने बरोबर’ असे लिहितो. सरकारी मराठीत यापेक्षा सत्यनिष्ठ वाक्य क्वचितच लिहिले गेले असेल.

केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतही काही रम्य स्थळे आहेत. नियम 154 प्रमाणे किरकोळ रकमेची खरेदी दरपत्रकांशिवाय करता येते, पण तेव्हा अधिकाऱ्याला वस्तूच्या दर्जाबाबत व दराबाबत आपण व्यक्तिशः समाधानी असल्याचे लिहून द्यावे लागते. संपूर्ण खरेदीशास्त्रात माणसाच्या समाधानाची दखल घेणारी ही दुर्मीळ जागा असून ती नेमकी क्षुल्लक रकमांसाठी राखीव आहे. नियम 157 नुसार वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी एका मागणीचे तुकडे पाडण्यास बंदी आहे, आणि म्हणूनच फेब्रुवारीत पडदे, मार्चच्या पहिल्या आठवड्यात पडद्यांच्या दांड्या व दुसऱ्यात दांड्यांच्या कड्या या तीन सर्वस्वी भिन्न मागण्या असल्याचे टिप्पणीत सविस्तर पटवून द्यावे लागते. वर्षाच्या शेवटी खर्चाची घाई करणे हा वित्तीय औचित्याचा भंग मानावा, असेही नियम सांगतात. हे नियम कपाटात नीट राहावेत म्हणून लागणारे कपाट बहुधा मार्चमध्येच येते. जेमबाहेर काही घ्यायचे असेल, तर ती वस्तू जेमवर नसल्याचा अहवाल जेमवरूनच काढावा लागतो. एखाद्या गोष्टीच्या अभावाचे प्रमाण कोणते, यावर न्याय आणि मीमांसा या दर्शनांत शतकानुशतके वाद चालला. येथे एका क्लिकवर अभावाची प्रत निघते.

या सर्वांमागे भ्रष्टाचारच आहे असे समजणे सोपे आहे आणि बहुतेक वेळा चूक आहे. भ्रष्टाचाराला इतक्या सह्या लागत नाहीत. सह्या भीतीला लागतात. लेखा आक्षेप आणि विधिमंडळातील तारांकित प्रश्न यांच्या सावलीत वाढलेला अधिकारी चांगली खुर्ची घेण्यासाठी धडपडत नाही. विचारणा झाली तर उत्तर देता येईल अशी खुर्ची तो घेतो, आणि असे उत्तर नेहमी सर्वांत स्वस्त खुर्चीलाच असते.

तरीही प्रत्येक क्रियेला कोणीतरी कर्ता असावा लागतो, असा आग्रह वैयाकरण धरतील, तर शोधांती तो सापडतो. प्रायमरी युजरचा पासवर्ड, बायरचा पासवर्ड आणि कन्साइनीचा पासवर्ड ज्या एका वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले असतात ती वही कंत्राटी संगणकचालकाच्या खणात असते. साहेब बैठकीत असले की मोबाइलवर आलेला ओटीपी शिपायाकरवी त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि तिन्ही भूमिका एकाच खुर्चीत, बहुधा त्याच वादग्रस्त खुर्चीत, सुखाने नांदतात. नियमांत त्याचे पद कोठेच नाही. जेमवर मात्र तो आहे, कारण मनुष्यबळ पुरवठा ही तेथे विकत मिळणारी एक सेवा आहे. त्याच्या एजन्सीच्या निवडीत अनेक निविदाकारांचे दर पैशापर्यंत सारखे आल्याने एल-वन कोण हे प्रणालीनेच आपोआप निवडलेले असते. महिनाअखेरीस त्याचे देयक निघावे यासाठी सेवा समाधानकारकरीत्या प्राप्त झाल्याचे प्रमाणपत्र कन्साइनीच्या लॉगिनमधून द्यावे लागते, आणि ओटीपी आला की ते तोच भरतो.